मांजरच तं चावलं!



आज सोयाबीनचा भाव नाही, हरभऱ्याचं वाण नाही, फवारणीचं प्रमाण नाही. आज मांजरीवर लिहून राहिलो. हसणारे हसतील. मीही हसलोच होतो, उजव्या हाताचा अंगठा सुजून वांग्यासारखा होईपर्यंत.

गेल्या सोंगणीतली गोष्ट. दिवसभर सोयाबीन सोंगून सुडी लावली आणि संध्याकाळी मालेगावच्या बाजूने आभाळ भरून आलं. ताडपत्री टिनाच्या शेडमध्ये कोपऱ्यात घडी घालून ठेवलेली. अंधार पडलेला, लाईन नाही, मोबाईलचा उजेड तोंडात धरलेला. घडीत हात घातला आणि ताडपत्री ओढायच्या आत अंगठ्याच्या बुडाशी खच्चून चावा बसला. घडीच्या आत मांजर व्यालेली होती, तीन पिल्लं. तिची काय चूक? आपल्याही घरात रात्री कोणी न सांगता हात घातला तर आपण काय आरती करू?

जखम म्हणाल तर सुईने टोचल्यासारखी दोन भोकं. दोन थेंब रक्त. मी हात झटकला, सुडी झाकली, दोर बांधले आणि मग खिशातली चुन्याची डबी काढून चुना लावला. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी पाहिलं. "धुवा ना ते आधी, चुना काहून लावून राह्यले?" मी म्हणालो, "काय होते, मांजरच तं चावलं." कुत्रं असतं तर घाबरलो असतो. साप असता तर तेवढ्या रात्री गाडी काढून वाशीम गाठलं असतं. मांजर म्हणजे घरातलीच, दूध पिणारी, ती काय करणार, असं आपल्या डोक्यात बसलेलं असते.

सकाळी हात मनगटापर्यंत सुजला. थ्रेशरवाला दोन दिवसांनी येणार होता आणि मले विळाही धरता येईना, म्हणून दवाखान्यात गेलो. खोटं कशाला सांगू, रेबीजच्या भीतीने गेलो नाही. सुजलेल्या हाताने नेलं.

तिथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वाजता चावलं आणि साबणाने किती वेळ धुतलं?" मी चुना म्हणालो. त्यांनी कपाळाला हात लावला नाही, पण लावला असता तर चाललं असतं.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. मांजरीचा दात बारीक आणि अणकुचीदार. कुत्र्याच्या दाताने कातडं फाटते, दिसते, रक्त वाहते. मांजरीचा दात सरळ आत जातो आणि वरचं भोक लगेच मिटते. म्हणजे तिच्या तोंडातले जंतू आत कोंडले जातात. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचा जिवाणू असते, त्याच्यामुळे चोवीस तासांच्या आतच हात लाल होतो, सुजतो, ठणकतो. माझ्या अंगठ्याला झालं ते हे. त्यावर गोळ्या आहेत, त्याने तो बरा झाला. सुजेचं सांगायचं कारण एवढंच की सूज ही वेगळी गोष्ट आणि रेबीज ही वेगळी. सूज उतरली म्हणजे धोका टळला, असं नाही. आणि सूज आलीच नाही म्हणजे मांजर चांगली होती, असंही नाही.

रेबीज आपल्याकडे मुख्यतः कुत्र्यापासून होतो, हे खरं. पण पिसाळलेलं कुत्रं, कोल्हा, मुंगूस यांनी मांजरीला चावलं की तीही पिसाळते. आणि आपल्या वावरातली मांजर रात्रभर कोणाशी भांडून येते ते आपल्याला थोडंच माहीत असते! हा विषाणू जखमेतून नसांमध्ये शिरतो आणि नसांनीच हळूहळू मेंदूकडे चालत जातो. बहुतेक वेळा एक ते तीन महिने लागतात, कधी आठवडाभरात, कधी वर्षसुद्धा. चेहरा, डोकं, हाताची बोटं इथे नसा दाट, म्हणून तिथला चावा जास्त वाईट. एकदा लक्षणं दिसली, पाणी पाहून घसा आवळायला लागला, की मग जवळपास कोणीच वाचत नाही. मुंबईला न्या, दिल्लीला न्या.

शेतकऱ्याला हे समजायला जड नाही. हरभऱ्याची मर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. झाड पिवळं पडून माना टाकल्यावर त्याच्या बुडाशी कितीही औषध ओता, ते झाड उभं राहत नाही. ट्रायकोडर्मा बियाण्याला पेरणीच्या आधी चोळायचं असते. इथेही तेच. चावल्यापासून मेंदूपर्यंत विषाणू पोचायच्या आतला जो वेळ, तोच आपला वेळ.

म्हणून आधी पाणी आणि साबण. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. पंधरा म्हणजे पंधरा. दोन मिनिटांत माणसाला कंटाळा येतो, मी नंतर करून पाहिलं. या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ आवरण असते, साबणाने ते फाटते आणि विषाणू तिथेच मरतो. कोरोनात हात धुवायला सांगत होते ते याच कारणाने. वावरात मोटार सुरू असेल तर धारेखाली हात धरा. लाईन नसेल तर ड्रममधून दुसऱ्याला मगाने ओतायला सांगा. कपड्याचा साबण चालतो, अंगाचा चालतो. मी आता फवारणीच्या पेटीत एक साबणाची वडी कायमची ठेवली. धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन असलं तर लावा. तिखट, चुना, हळद, रॉकेल, तंबाखू यातलं काहीही नको. त्याने जखम भाजते, आतला विषाणू मरत नाही. पट्टी आवळून बांधू नका आणि टाके घालायची घाई करू नका.

मग दवाखाना, त्याच दिवशी. उद्या बाजाराचा दिवस आहे, जाणंच आहे, तेव्हा दाखवू, असं नाही.

इथे एक मोठी गफलत होते आणि ती आपल्या गावागावात होते. माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतो, ज्याला आपण टीटी म्हणतो, आणि घरी येऊन सांगतो, "घेतलं इंजेक्शन." ते धनुर्वाताचं आहे बाप्पा! ते घ्यायलाच पाहिजे, पण त्याचा आणि रेबीजचा काडीचा संबंध नाही. रेबीजची लस वेगळी. स्पष्ट विचारा की साहेब, हे रेबीजचं आहे का, आणि कार्डावर तारीख टाकून मागा.

सरकारी दवाखान्यात ही लस फुकट मिळते. ती कातडीत देतात, दोन्ही दंडांवर एकेक थेंबभर, ०.१ मिली. मच्छर चावल्यासारखी छोटी गांधी येते. पहिल्यांदा मले वाटलं आपल्याला कमी देऊन कटवलं. तसं नाही, कातडीत एवढीच पुरते. पहिला दिवस तो शून्य धरायचा, मग तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. चार खेपा. काही ठिकाणी दंडाच्या स्नायूत देतात, तिथे पाच डोस होतात, चौदाव्या दिवसाचा एक जास्त. ढुंगणावर ही लस देत नाहीत. तिथे ती नीट लागू होत नाही. गरोदर बाई, बाळंतीण, लहान लेकरू, म्हातारं माणूस, सगळ्यांना चालते.

दुसरी वस्तू म्हणजे सीरम. हे बहुतेकांना माहीतच नाही, मलेही नव्हतं. लस दिली की अंगात ताकद तयार व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात. आज पेरलं की उद्या उगवत नाही ना? तोपर्यंत जखमेत राखण पाहिजे. ती राखण म्हणजे सीरम, तयार प्रतिकारशक्ती, आणि ते थेट जखमेत, जखमेच्या आजूबाजूला टोचतात. वजनावर मोजून देतात. रक्त निघालेला कोणताही चावा किंवा ओरखडा असेल तर लसीसोबत हे लागतेच. अंगठ्यात ते टोचताना मी लेकरासारखा ओरडलो, लपवत नाही. पहिल्या दिवशी मिळालं नाही तर लसीच्या पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत घेता येते, नंतर त्याचा उपयोग नाही.

आता माझं मत, ज्याच्यासाठी एवढं लिहितो.

मी ज्या पहिल्या ठिकाणी गेलो तिथे लस होती, पण म्हणाले, "अजून दोन पेशंट येऊ द्या, मग शिशी फोडतो." एका शिशीत तीन-चार जणांचं काम होते आणि एकदा फोडली की ती काही तासांतच वापरावी लागते, हे त्यांचं म्हणणं मले समजते. लस वाया जाऊ नये हे बरोबर आहे. पण चावलेला माणूस म्हणजे काळीपिवळी नाही, सीट भरली की निघायला. माझ्यासारखा तिथे तासभर बसतो. रोजाने जाणारी बाई बसत नाही, ती उठून घरी जाते, आणि परत येत नाही. एका शिशीची किंमत आणि एका माणसाची किंमत यात हिशोब करायचा तर तो शिशीच्या बाजूने होता कामा नये. सीरम तर तिथे नव्हतंच, त्यासाठी दुसरीकडे पाठवलं. वाशीमचं जिल्हा रुग्णालय किंवा अकोल्याचं सर्वोपचार, एवढ्या लांब जायला भाडं आणि एक दिवसाची मजुरी जाते. ज्याची ऐपत नाही तो काय करतो? तो चुना लावतो.

यात नुसता सरकारचा दोष नाही. ग्रामसभेत आपण पांदण रस्ता मागतो, सभामंडप मागतो, हायमास्ट लाईट मागतो. आपल्या आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये रेबीजची लस किती आहे आणि सीरम आहे का, हे मी स्वतः पन्नाशी ओलांडेपर्यंत एकदाही विचारलं नाही. रासायनिक खताचा साठा दुकानाबाहेर फळ्यावर लिहायला आपण भाग पाडतो. तसाच लस, सीरम आणि सापाच्या औषधाचा साठा रोज फळ्यावर लिहिलेला पाहिजे. दोन ते आठ डिग्रीत ठेवायची वस्तू आहे, लाईन गेल्यावर तिचं काय होते, हेही विचारलं पाहिजे. केंद्राने २०२१ मध्ये कुत्र्यापासून होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा आराखडा केला आहे. आराखडा दिल्लीत आहे, फ्रिज आपल्या गावात आहे.

कृषी सहायक आणि अधिकारी मंडळी हे पान वाचतात, त्यांनाही एक विनंती. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, त्यानंतर शेतीशाळेत मास्क, हातमोजे, वाऱ्याची दिशा हे सगळं सांगायला लागले. चांगलं झालं. त्याच शेतीशाळेत दहा मिनिटं चावा घेणाऱ्या जनावरांसाठी काढा. सोंगणीच्या आधीची शेतीशाळा यासाठी बरी, कारण त्यानंतरच सगळे हात सुडीखाली, कुटारात, ताडपत्रीत जातात.

आता जनावराचं. गाय-म्हैस-बैल यांनाही पिसाळलेलं कुत्रं-मांजर चावते. ते जनावर खाणं सोडते, तोंडातून लाळ गाळते, विचित्र आवाजात हंबरते. आपल्याला वाटते घशात काही अडकलं, आणि आपण तोंडात हात घालतो. हे कोणीही करू नका. माझ्या वडिलांनी केलं होतं.

मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन, आपला जिल्हा तेव्हा अकोला होता, वाशीम वेगळा व्हायचा होता. आमची एक गाय अशीच लाळ गाळायला लागली. बाबांनी कोपरापर्यंत हात घातला, बोटांना विळ्याचे ओरखडे होतेच. गाय तीन दिवसांत गेली. गुरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही पिसाळली होती. त्या काळची लस मेंढीच्या मेंदूपासून करत आणि ती बेंबीच्या भोवती पोटात देत, चौदा दिवस रोज एक. बाबा चौदा दिवस पहाटेच्या एसटीने अकोल्याला गेले. खरिपाचे दिवस होते, निंदण पडलेलं होतं, घरात दुसरा कर्ता माणूस नव्हता. आजीने सांगितलं की सात विहिरीत डोकावून ये म्हणजे उतरते. बाबा म्हणाले, "विहिरी परतीच्या वाटेवर पाहीन, पहिले एसटी पकडू दे." पोट फुगून टणक झालेलं मी पाहिलं आहे. चौदाच्या चौदा घेतले. त्यानंतर चाळीसेक वर्षं जगले. ती मेंढीची लस २००४ च्या अखेरीस देशात बनवणंच बंद झालं. तरी आजही माणसं "पोटात चौदा घ्यावे लागतात" या धाकाने दवाखान्यात जात नाहीत.

आणि मी? माझा सातव्या दिवसाचा डोस नेमका थ्रेशर आला त्या दिवशी पडला. आठ मजूर, मशीन सुरू, आभाळ पुन्हा तसंच. मनात आलं, दोन झाले, हात बरा झाला, तिसरा राहिला तर काय होते. आशाताईंचा फोन आला, "काका, आज सातवा दिवस आहे." मी म्हणालो, मळणी चालू आहे, उद्या पाहू. फोन ठेवला आणि बाबांचं पोट डोळ्यासमोर आलं. मशीन पोराच्या भरवशावर सोडलं आणि गेलो. येऊन पाहतो तर चार पोते वाऱ्याने कुटारात उडवले होते त्याने. उडवू दे.

मारू नका, हेही सांगतो. चावलं की लोक काठी घेऊन मांजरीच्या मागे लागतात. मांजर जिवंत असली, डोळ्यासमोर असली, तर दहा दिवस तिच्यावर नजर ठेवता येते. लाळेत विषाणू आला असेल तर दहा दिवसांच्या आत ती आजारी पडते किंवा मरते. पण लस त्याआधीच सुरू करायची, दहा दिवस वाट पाहत बसायचं नाही. मी भाकरीचा काला टाकून दहा दिवस नजर ठेवली. दहाव्या दिवशी मांजर ठणठणीत. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हीच चावली होती, हे नक्की?" आता आमच्या शेडवर दोन मांजरी येतात, दोन्ही पट्ट्यापट्ट्याच्या, आणि चावली तेव्हा अंधार होता. पिल्लांची आई ही, का तिच्या पिल्लांजवळ बसलेली ती दुसरी, मले छातीठोक सांगता येईना. अठ्ठाविसाव्या दिवसाचाही घेतला.

बेवारस मांजर चावून निघून गेली असेल तर नजर ठेवायचा प्रश्नच नाही. ती पिसाळलेलीच धरायची. न छेडता अंगावर येणारी, आवाज बदललेली, मागचे पाय ओढणारी मांजर तर नक्कीच. आणि नखाचा ओरखडा असला, रक्त आलं असलं, तरी तो चावाच समजा. मांजर पंजे चाटते, नखाला लाळ असते. नुसतं धडधाकट कातडीवर चाटलं तर धुऊन टाका, लस लागत नाही. घरातली लेकरं मांजरीशी खेळतात आणि ओरखडा आला तर रागावतील म्हणून लपवतात. रागावू नका, विचारा.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये नागपूर जिल्ह्यात हिंगण्याकडे मांजर चावल्यावर काही वेळातच एक शाळकरी मुलगा दगावल्याची बातमी आली होती. मग महिनाभर व्हॉट्सॲपवर मांजरी मारून टाका असे मेसेज फिरले. लेकराचा जीव गेला, वाईट झालं. पण रेबीज असा तासाभरात कोणाला मारत नाही, तो आठवडे-महिने घेतो. घाबरून मांजरी मारल्या तर तुरीच्या आणि हरभऱ्याच्या पोत्यांना भोकं कोण पाडते ते पुढच्या महिन्यात दिसेल. उंदरासाठी विष ठेवणाऱ्यांच्या घरी पहिले मांजर मरते, मग उंदीर वाढतात, हा माझा अनुभव.

एक गोष्ट राहिली. लसीचं कार्ड जपून ठेवा, सातबाऱ्यासोबत. पूर्ण डोस घेतलेल्या माणसाला पुन्हा कधी चावलं तर दोनच खेपा लागतात, शून्य आणि तिसरा दिवस, आणि ते जखमेतलं दुखरं सीरम लागत नाही. गोठ्यात, गुरांच्या दवाखान्यात रोज काम करणाऱ्यांना चावायच्या आधीही ही लस घेता येते. कुत्रं-मांजर गाई-बैलाला चावलं तर तीही जखम तशीच साबणाने धुवा, हातात मोजे घालून, आणि गुरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवा, जनावरासाठीही लसीचे डोस असतात. लाळ गाळणाऱ्या गाई-म्हशीचं कच्चं दूध कोणी पिऊ नका.

अठ्ठाविसाव्या दिवशी मी हरभऱ्याच्या पेरणीतून तसाच धुळीच्या कपड्यांनी गेलो होतो. सिस्टरबाईंनी कार्डावर शेवटची तारीख टाकली. पिल्लं आता मोठी झाली, एक शेजारच्या गोठ्यात गेलं, दोन आमच्याकडेच आहेत. ताडपत्री उचलायच्या आधी मी काठीने दोनदा ठोकतो.